डिस्क दिसत नाही : भाईंदरच्या एका धंद्याची हकीकत

मीरा-भाईंदरचा इतिहास सांगणारा माणूस घोडबंदरच्या किल्ल्यापासून सुरुवात करतो. मग चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतला धारावीचा किल्ला येतो, उत्तनचे कोळीवाडे येतात, खाडीकाठची मिठागरं येतात, पूर्वेकडचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने येतात. त्यानंतर एकदम टॉवर आणि मेट्रोचे खांब. मधली वीसेक वर्षं, म्हणजे या शहरातल्या घराघरांत आणि गाळ्यागाळ्यांत कॉम्प्युटर शिरला तो काळ, कुणी सांगतच नाही. त्या काळात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना, जिन्याखाली, पोटमाळ्यावर, झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या टेबलावर दुरुस्तीची दुकानं उभी राहिली. त्यांतलंच एक माझं, भाईंदर पूर्वेचं, १९९६ पासूनचं. हा इतिहास कुणीतरी लिहायला हवा म्हणून मी लिहिते आहे, आणि तो एकाच बिघाडाच्या वाटेने सांगणार आहे. कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, पण त्याला हार्ड डिस्क दिसत नाही. आमच्या धंद्यात जे काही शिकण्यासारखं होतं ते बहुतेक या एका तक्रारीने शिकवलं.

हे दुकान इथे का निघालं हे आधी सांगते. माझे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत गिरणगावातली किती कुटुंबं उत्तरेकडे सरकली, ते विरार लाइनवरच्या स्टेशनांना ठाऊक आहे. परळच्या चाळीतल्या खोलीच्या पैशांत भाईंदरला वन-रूम-किचन मिळायचं. पाण्याची बोंब होती, रस्ते कच्चे होते, पण संडास घरात होता. १२ जून १९८५ ला इथे नगरपालिका आली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. २००१ च्या जनगणनेत शहर पाच लाखांच्या पुढे गेलेलं होतं, २०११ मध्ये आठ लाखांच्या. ही सगळी माणसं रोज सकाळी गाडी पकडून मुंबईला कामाला जाणारी. त्यांनी ऑफिसात कॉम्प्युटर पाहिला आणि पोरांसाठी घरी आणला. ब्रँडेड मशिन परवडत नव्हतं, म्हणून असेंबल केलेलं आणलं. असेंबल केलेल्या मशिनला कंपनीचा माणूस येत नाही. तिथे आमची गरज निर्माण झाली.

त्याआधी मशिनं आली ती तीन ठिकाणी. स्टीलच्या गाळ्यांत हिशेबासाठी, छापखान्यांत लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या डीटीपीसाठी, आणि कॉम्प्युटर क्लासेसमध्ये. पुढे २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि क्लासेसचं पेव फुटलं. एकेका क्लासात दहा-बारा मशिनं, आणि दर बॅचला नवीन पोरं बटणं दाबायला. आमची निम्मी कमाई त्या काळात क्लासेसवर चालायची.

माल यायचा लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण धंद्यात त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही. दादरला हार्डवेअरचा कोर्स करून मी लॅमिंग्टन रोडवरच्याच एका डीलरकडे काही वर्षं काम केलं होतं. बाकीची मुलं काउंटरवर असायची, मला मागच्या खोलीत बेंचवर बसवलं, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. दुकान काढल्यावर आठवड्यातून एकदा तरी ग्रँट रोडची फेरी असायची. हार्ड डिस्क चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीत, तिच्याभोवती थर्माकोल, वरून टॉवेल, आणि ती पिशवी मांडीवर. विरार लोकलच्या लेडीज डब्यात भाईंदरला उतरायचं म्हणजे आधी बोरिवलीलाच दाराकडे सरकायला लागायचं आणि विरारच्या बायकांची बोलणी खायला लागायची. पिशवी छातीशी धरून मी उतरायची. डिस्क ही आपटलेली चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण डब्यातल्या गर्दीचा एक कोपर लागूनही तिचं काम होऊ शकतं, हे आम्हालाच माहीत.

हार्ड डिस्क जन्मली १९५६ मध्ये, आयबीएमच्या रॅमॅक मशिनबरोबर. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची डिस्क काढली, तिच्यात ५ एमबी. आमच्या हातात ती आली तोवर साडेतीन इंचांची झाली होती, तिचा कंट्रोलर तिच्याच पाठीवर बसला होता, आणि चाळीस पिनांच्या राखाडी पट्टीकेबलने ती बोर्डाला जोडली जायची. धंद्यात तिला आयडीई म्हणायचे. ती दिसत नसेल तर एक नेहमीचा संशय सेटअपवर, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या सेटिंगवर असायचा. कारण त्या वेळच्या कॉम्प्युटरला डिस्क आपोआप ओळखता यायचीच असं नाही. तिची मापं आपण हाताने भरायला लागायची. एएमआयच्या सेटअपमध्ये 'टाइप ४७' निवडायचं आणि डिस्कच्या लेबलवर बघून भरायचं: सिलिंडर २४८४, हेड १६, सेक्टर ६३. ही झाली १.२ जीबीची डिस्क. एक आकडा चुकला की डिस्क गायब, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे दिसायची आणि डाटा चुकीच्या जागी शोधायची.

हे आकडे बोर्डवरच्या एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकायचे. जुन्या ३८६ आणि ४८६ बोर्डांवर ती निकेल-कॅडमियमची, बोर्डालाच सोल्डर केलेली असायची, आणि मशिन चालू असताना चार्ज व्हायची. माझ्या जॉब कार्डांच्या वह्या उघडल्या तर जूनच्या सुरुवातीची पानं या एका तक्रारीने भरलेली दिसतात. कारण साधं आहे. भाईंदरमधली कोकणातली मंडळी मे महिन्यात गावाला जायची. घर महिनाभर बंद, मशिन बंद, बॅटरी उतरलेली. परत आल्यावर पोरगा बटण दाबणार तर पडद्यावर डिस्क नाही. गणपतीनंतर पुन्हा तेच. डिस्क ठणठणीत असायची. मापं भरली की सगळा डाटा जागच्या जागी. मी मग प्रत्येक मशिनच्या कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करने ते तीन आकडे लिहून ठेवायला लागले, म्हणजे पुढच्या वेळी डिस्क खोलून लेबल बघायला नको. त्या बॅटऱ्या पुढे गळायच्या आणि त्यांचा रस बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकायचा. नाण्यासारखी सीआर-२०३२ आली तेव्हा हा त्रास संपला.

मोठ्या डिस्का आल्या तसा दुसरा प्रकार सुरू झाला. जुन्या बायोसला, म्हणजे मशिन सुरू होताना डिस्क शोधणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यापलीकडे मोजताच यायचं नाही. गुणाकार करून बघा: ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. त्यापुढची डिस्क लावली की तेवढीच दिसायची, बाकीची नाही. एलबीए पद्धत आली आणि ती भिंत फुटली. मग ८.४ जीबीला दुसरी भिंत, ३२ जीबीच्या जरा पुढे तिसरी, १३७ जीबीला चौथी. ३२ जीबीची भिंत सगळ्यांत वाईट होती, कारण तिथे काही बोर्ड डिस्क शोधतानाच गोठून जायचे. ना एरर, ना आवाज. गिऱ्हाइकाला वाटायचं नवी डिस्कच खराब निघाली. तिच्या पाठीवरचा एक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी बारकी टोपी, हलवून तिला ३२ जीबीची म्हणून दाखवलं की मशिन पुढे सरकायचं.

जंपरचं आणखी एक प्रकरण होतं. एका पट्टीवर दोन डिस्का, म्हणून एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह. दोन्ही मास्टर असल्या तर एकही धड दिसायची नाही. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्केला पट्टीवर ती एकटी असेल तर वेगळा नियम होता, तेव्हा जंपर काढूनच टाकायला लागायचा. कॅबिनेटमध्ये सीडी रायटर बसवायची फॅशन आली तेव्हा घरीच तो बसवणाऱ्यांची रांग लागायची. ती कामं पाच मिनिटांची असायची. त्या वेळी आम्ही पन्नास रुपये घ्यायचो.

लॅमिंग्टन रोडवरच्या शेठनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलेला क्रम मी आजही मुलांना तसाच शिकवते. आधी बाहेर, मग आत. पॉवर देऊन पहिल्यांदा ऐकायचं. छातीला कान लावावा तसा कॅबिनेटला कान लावायचा आणि तबकडी फिरायला लागते का बघायचं. फिरत नसेल तर पॉवरची चार पिनांची सॉकेट आधी तपासायची, कारण मशिनला वीज पुरवणाऱ्या स्वस्त एसएमपीएसच्या सॉकेटमधली पिन मागे सरकलेली असते. फिरत असेल तर पट्टीकेबल बदलायची. तिची लाल कड पॉवरच्या बाजूला आहे ना बघायचं. मग जंपर. मग सेटअप. मग तीच डिस्क दुसऱ्या चांगल्या मशिनला लावायची. एवढं सगळं झाल्यावरच डिस्केवर आळ घ्यायचा. आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बिघाडाचा विचारायचा नाही, विचारायचं की आत काय आहे. लग्नाचे फोटो आहेत का, टॅली आहे का, पोरीचं प्रोजेक्ट आहे का. उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून. आत काही नसेल तर वाटेल ते करून बघता येतं. काही असेल तर तिच्यावर एक बाइटसुद्धा लिहायचा नाही.

आता ज्या गोष्टी फक्त इथल्या, त्या सांगते.

पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलचा पत्रा कापतात, प्रेसखाली दाबून त्याचे पेले-पातेली करतात आणि मग पॉलिश मारतात. त्या पॉलिशची काळी, तेलकट धूळ सगळीकडे बसते. ऑफिस म्हणजे गाळ्यातलाच पोटमाळा, तिथे मुनीमजी आणि त्यांचं मशिन. अशा एका गाळ्यातून दर थोड्या दिवसांनी फोन यायचा की डिस्क दिसत नाही, आणि मी पोचेपर्यंत ती दिसायला लागलेली असायची. मी एकदा सकाळी कारखाना उघडायच्या वेळी जाऊन बसले. खाली प्रेसची मोटर चालू झाली, ट्यूबलाइट मंद झाली, आणि त्याच क्षणी मुनीमजींनी मशिनचं बटण दाबलं होतं. डिस्केला सगळ्यांत जास्त करंट लागतो तो तबकडी फिरायला सुरुवात करताना, १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपियरच्या आसपास. व्होल्टेज पडलेलं, एसएमपीएस हलका, तबकडी वेगात यायला उशीर, आणि तोवर बायोस तिची वाट बघून पुढे निघून गेलेला. रीसेट दाबलं की डिस्क दिसायची, कारण तोपर्यंत ती फिरत असायची. पहिल्यांदा दिसत नाही आणि रीसेटनंतर दिसते, असं कुणी सांगितलं की डिस्क बदलायची नाही, आधी पॉवर बघायची. चांगला एसएमपीएस आणि एक यूपीएस, एवढ्यावर ते मशिन पुढे कित्येक वर्षं चाललं. त्यात त्या माणसाचा पूर्ण वर्षाचा हिशेब होता, आणि मार्चअखेर जवळ आली होती.

दुसरी गोष्ट खाडीच्या वाऱ्याची. इथे एका बाजूला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि मधे मिठागरं. खिडकीचे गज इथे गंजतात ते सगळ्यांना दिसतं, डिस्केच्या बोर्डखालचं दिसत नाही. डिस्क उलटी करा. हिरवा बोर्ड सहा बारक्या स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यांना चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स पाना लागतो. स्क्रू काढून बोर्ड हलकेच उचलला की खाली फोमचा काळा तुकडा, आणि बोर्डच्या आतल्या अंगाला दोन ठिकाणी छोट्या छोट्या चौकोनी टिकल्यांच्या रांगा. एक रांग मोटरची, दुसरी हेडची. डिस्केच्या पोटातून आलेल्या स्प्रिंगच्या पिना या टिकल्यांवर टेकतात, आणि सगळा संबंध तेवढ्यावर. मुंबईतल्या आतल्या भागातल्या डिस्केवर या टिकल्या वर्षानुवर्षं चकचकीत राहिलेल्या मी बघितल्या आहेत. खाडीकडे तोंड असलेल्या घरांतल्या डिस्केवर त्या काळ्या पडलेल्या असायच्या. तबकडी फिरते, पण हेडचा सिग्नल पोचत नाही, आणि सेटअपमध्ये नाव येत नाही. औषध म्हणजे शाळेतल्या पोराचं पांढरं खोडरबर. टिकल्यांवर एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवायचं, काळपट जाऊन धातू चमकला की थांबायचं, रबराचा भुगा ब्रशने झाडायचा आणि आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसून घ्यायचं. त्याआधी आम्ही टीव्ही-रेडिओवाल्यांसारखं सीटीसी वापरायचो, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. मॉन्ट्रियल कराराखाली ते २०१० पासून बंद झालं, आणि फार बरं झालं, बंद खोलीत त्याचा वास घेणं अंगाला घातकच होतं. बोर्ड परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे आवळायचे. या एका कामाने जेवढ्या डिस्का परत दिसायला लागल्या, तेवढ्या दुसऱ्या कशाने नाही.

याच हवेने एक मोठं प्रकरणही आमच्या अंगावर घातलं. २००१ च्या सुमाराला एका जपानी कंपनीच्या १० ते ४० जीबीच्या डिस्का बाजारात खूप खपल्या होत्या, कारण स्वस्त होत्या. वर्षभरात त्या एकामागून एक परत यायला लागल्या. तबकडी फिरायची, आवाज स्वच्छ, पण सेटअपमध्ये नाव यायचं नाही. कारण पुढे जगभर उघड झालं. डिस्केवरच्या कंट्रोलर चिपचं जे प्लास्टिकचं आवरण होतं त्यात आग न लागण्यासाठी लाल फॉस्फरस मिसळलेला होता. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तो आतल्या आत पिनांमध्ये वीज जायला वाट करून द्यायचा. उष्णता आणि दमटपणा! भाईंदरला जूनमध्ये दुसरं असतं काय? आत डाटा शाबूत, फक्त बोर्ड गेलेला. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड लावला की डिस्क दिसायची. मग आम्ही त्याच मॉडेलच्या, तबकडी गेलेल्या मेल्या डिस्का लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून शोधून आणायला लागलो, नुसत्या बोर्डसाठी. भाईंदर, मीरा रोड, नालासोपारा, विरार इथल्या दुकानांत त्या वेळी बोर्डांची देवघेव चालायची. फोन यायचा, अमुक नंबरचा बोर्ड आहे का, आणि संध्याकाळच्या गाडीने कुणाच्या तरी हाती तो जायचा. पैशांचं नंतर बघू, असं. हा धंदा एकेकट्या दुकानांचा होता असं कुणी समजू नये. तो या लाइनवरच्या ओळखीवर चालला.

२६ जुलै २००५ बद्दल सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडेही सखल भागातल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. दोन दिवसांनी लोक रिक्षातून सीपीयू घेऊन यायला लागले, कॅबिनेटच्या तळाशी गाळ. त्यांतले बरेच जण घरी मशिन उन्हात वाळवून, 'बघू तरी' म्हणून चालू करून आलेले. जे तसंच ओलं घेऊन आले त्यांचं नशीब जास्त चांगलं. हार्ड डिस्क हवाबंद असते असा समज आहे. तिच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, आणि त्यामागे गाळणी. त्याशेजारी हे भोक झाकू नका असं छापलेलं असतं. पाण्यात बुडालेल्या डिस्केत पाणी तिथून शिरतं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, पॉवर देऊ नका. ज्यांच्या डिस्केच्या फक्त बोर्डापर्यंत पाणी पोचलं होतं त्यांचा बोर्ड काढून आधी स्वच्छ पाण्याने आणि मग आयपीएने धुतला, पूर्ण वाळू दिला, टिकल्या साफ केल्या. बाकीच्यांना मुंबईतल्या डाटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवलं. झाकण उघडायचं ते स्वच्छ खोलीत, हा नियम आमच्या दुकानाने कधी मोडला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. त्या काळात झाकण उघडून स्क्रूड्रायव्हरने हेड सरकवणारी दुकानंही होती.

नंतर साटाची बारीक लाल केबल आली. मास्टर-स्लेव्ह संपलं, पण पहिल्या केबलींना खटका नव्हता, कॅबिनेट हलवलं तरी निघायच्या. आणि विंडोज एक्सपी टाकताना इन्स्टॉलरला डिस्कच सापडायची नाही. डिस्क बायोसमध्ये दिसते, विंडोजला दिसत नाही, हा प्रकार लोकांना समजावून सांगणं कठीण जायचं. त्यावर एक तर फ्लॉपीवरून एफ-६ दाबून ड्रायव्हर द्यायचा, नाहीतर बायोसमध्ये एएचसीआय काढून आयडीई करायचं.

२००८ च्या शेवटी एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या डिस्का फर्मवेअरमधल्या चुकीमुळे बंद पडायला लागल्या. रात्री बंद केलेलं मशिन सकाळी डिस्क दाखवायचं नाही. कंपनीने नवीन फर्मवेअर दिलं, पण जी आधीच दिसेनाशी झाली तिच्यात ते भरणार कसं? रस्ता डिस्केच्या मागच्या चार बारक्या पिनांमधून होता. त्यांतून डिस्केशी सरळ बोलता येतं, पण त्यासाठी ३.३ व्होल्टचा सीरियल जोड लागतो. तो मीरा रोडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे होता: नोकियाची सीए-४२ डाटा केबल. तिचं मोबाइलकडचं टोक कापायचं, योग्य तारा डिस्केच्या पिनांना जोडायच्या, आणि हायपरटर्मिनल ३८४०० च्या वेगावर उघडायचा. बोर्डचे स्क्रू सैल करून हेडच्या टिकल्यांखाली कार्डाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे डिस्क आतलं वाचायला जात नाही आणि उत्तर द्यायला मोकळी होते. पडद्यावर तिचा प्रॉम्प्ट उमटला की तबकडी थांबवायची आज्ञा द्यायची, कार्ड काढायचं, स्क्रू आवळायचे, पुन्हा फिरवायची, आणि तिची बिघडलेली नोंद पुसायची. तिच्यातले फोटो, हिशेब, सगळं परत. आमच्याकडच्या मुलांनी हे काम मोबाइलवाल्यांच्या मुलांबरोबर बसून आत्मसात केलं, आणि दोन धंद्यांमधली भिंत तेव्हा पडली. मीरा-भाईंदरच्या तांत्रिक इतिहासात यापेक्षा सुंदर घटना माझ्या डोळ्यांसमोर घडलेली नाही.

२०११ मध्ये थायलंडला पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कांपैकी चाळीसेक टक्के तिथे बनत होत्या. लॅमिंग्टन रोडवर भाव बघता बघता दुपटीच्या घरात गेले, आणि कंपन्यांनी गॅरंटीची वर्षंही कमी केली. जुन्या डिस्का दुरुस्त करून वापरायला लोक तयार झाले, आमचं काम वाढलं. पण ती शेवटची भरती होती.

आता डिस्क ऐकू येत नाही. एसएसडीला फिरणारं काही नाही, त्यामुळे शेठनी शिकवलेली पहिली पायरीच गेली. एम-२ ची पट्टी बोर्डात बसते, पण ती साटाची की एनव्हीएमई, आणि बोर्डाची जागा कोणती स्वीकारते, हे न बघता घेतली की दिसत नाही. यूएसबीच्या कित्येक पोर्टेबल डिस्कांचं सॉकेट त्यांच्या बोर्डालाच सोल्डर केलेलं, त्यामुळे त्या काढून साटाला लावता येत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कितीतरी लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसलं की इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही, कारण बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असतं. पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर द्यायचा, नाहीतर व्हीएमडी बंद करायचं. माझ्याकडच्या मुलांना हे नवीन वाटलं. मला एफ-६ ची फ्लॉपी आठवली, आणि मी त्यांना तिची वहीतली पानं दाखवली. बोर्डालाच सोल्डर केलेल्या, कूटबद्ध केलेल्या डिस्का मात्र आमच्या हातातून पूर्ण गेल्या. त्या दिसेनाशा झाल्या की बोर्ड बदलून, खोडरबर फिरवून काही होत नाही. गिऱ्हाइकाजवळ दुसरी प्रत असेल तर डाटा आहे, नसेल तर नाही.

म्हणून वाचकाला एक सांगणं. डिस्क दिसत नाही म्हणजे ती गेली असं समजू नका. बहुतेक वेळा कारण तिच्या बाहेर असतं. पडद्यावर 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करू का असं विचारलं तर नाही म्हणा. टक टक आवाज येत असेल तर पॉवर बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. ज्या दुकानात आत काय आहे हे आधी विचारतात, त्याच दुकानात द्या.

आणि आमच्या धंद्यातल्यांना एक विनंती. भाईंदर, मीरा रोड, काशिमीरा इथली नव्वदच्या दशकातली कितीतरी दुकानं आता मोबाइलच्या कव्हरची झाली आहेत किंवा बंद आहेत. त्यांची जॉब कार्डं, बिलबुकं, बोर्डांच्या नंबरांच्या याद्या माळ्यावर पडून आहेत आणि दर दिवाळीला थोडी थोडी रद्दीत जातात. कुठल्या साली कुणाच्या घरी कोणतं मशिन होतं, त्यात काय साठवलं जात होतं आणि ते का बंद पडलं, याची या शहरातली दुसरी नोंद कुठेही नाही. ती रद्दीत घालू नका. माझ्या वह्या मी १९९६ पासून वर्षावार लावून ठेवल्या आहेत. तुमच्या आणून दिल्यात तर त्यांच्याशेजारी ठेवीन, आणि शहरातलं कुठलं वाचनालय जागा द्यायला तयार झालं तर सगळ्या तिथे देऊन टाकीन.